पाटीखालची टॅबिथा

डेल्फिया स्टिडमला खोटं बोलायला आवडत नसे, जमत मात्र छान असे. हिकरी लिक गावाबाहेर डोंगरातला रस्ता जिथे वळतो, तिथे तिचं घर. घरासमोर सरकारने रोवलेली लोखंडी पाटी: ‘या खोऱ्यात पाऊल ठेवणारा पहिला माणूस जोसायाह स्टॅलर्ड याने १७८५ साली इथे लाकडी गढी बांधली.’ त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून इथे शिकार करणाऱ्या शॉनी लोकांना माणसांत धरायचं नाही, असं पाटी लिहिणाऱ्याने ठरवलं असावं.

डेल्फियाला जोसायाहचं सोयरसुतक नव्हतं. पण परगावच्या मोटारी पाटी वाचायला थांबत आणि वाचून झालं की माणसं वासाच्या मागे तिच्या टेबलाशी येत. टेबलावर करंज्या. आपल्या करंजीची थोरली बहीणच ती, वाळवलेल्या सफरचंदांचं सारण भरून डुकराच्या चरबीत तळलेली. नवरा गेल्यापासून डेल्फियाचं घर त्या टेबलावर चाललं होतं.

मैलभर वर तिचा चुलतभाऊ होबार्ट याचा पेट्रोल पंप होता. एका वर्षी उन्हाळ्याआधी पंपामागच्या झऱ्याजवळ गढीच्या पायाचे दगड निघाले. विद्यापीठातल्या माणसांनी येऊन माती चाळली आणि गढी इथेच होती, असा निर्वाळा दिला. होबार्ट ती बातमी घेऊन मुद्दाम खाली आला.

“डेल्फी, सोमवारी पाटी हलतेय. माझ्या पंपावर.”

“इतिहास बरा तुझ्याच परसात सापडला!”

“अगं, माणूस गढी बांधतो ती पाण्याजवळ. करंज्यांजवळ नाही.”

हे तिला फार झोंबलं, कारण ते खरं होतं. पाटी गेली की गाड्या गेल्या, आणि गाड्या गेल्या की चूलही गेलीच.

आता या डोंगरातली माणसं घर हलवतील, चर्च हलवतील, वेळ पडली तर ओढ्याचं पात्रही हलवतील. पण थडग्याला कुदळ लावायची कुणाची छाती नाही. जुन्या थडग्यांवर नावगाव काही नसतं. डोक्याशी एक ओबडधोबड दगड, पायाशी एक. रविवारी सगळे चर्चमध्ये असताना डेल्फियाने ओढ्यातले दोन शेवाळलेले दगड ढकलगाडीतून आणले, पाटीच्या बुंध्याशी पुरले आणि चरबीच्या रिकाम्या डब्यात प्लास्टिकचे गुलाब खोचून ठेवले.

सोमवारी रस्ते खात्याचा मुकादम ड्वाइट यंत्र घेऊन आला.

“मावशी, हे काय?”

“थडगं. दिसत नाही?”

“कुणाचं?”

नाव ठरवायचं राहूनच गेलं होतं. “टॅबिथाचं,” ती म्हणाली, आणि एकदा सुटलेली जीभ थांबेना. “गढीवर हल्ला झाला, बाप्ये पिंपांमागे लपले, आणि या बाईने उकळती चरबी ओतून दार राखलं.”

“मागच्या महिन्यात मी इथलं गवत कापलं, तेव्हा दगड नव्हते.”

“तेव्हा तुझं लक्ष करंज्यांवर होतं, मेल्या.”

ते ड्वाइटला नाकारता येईना. त्याने टोपी काढली, क्षणभर उभा राहिला आणि यंत्र घेऊन परत गेला.

मे महिन्यात थडगी सजवायचा रविवार आला. त्या दिवशी घरोघरची माणसं आपापल्या मेलेल्यांना फुलं वाहतात आणि तिथेच गवतावर पंगत मांडतात. यंदा अर्धं गाव टॅबिथाकडे लोटलं. ती आपल्याच आजीची आजी, असं तीन घराण्यांनी सांगितलं. तिचे केस तांबडे की काळे, यावरून दोन बायकांनी अबोला धरला. होबार्टही फुलं घेऊन आला. दगडांवरच्या शेवाळाकडे त्याने बराच वेळ पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “थडग्याशेजारी दुकान? आपल्यात ही रीत नाही हो.”

सगळ्यांच्या माना टेबलाकडे वळल्या. स्वतः खणलेल्या खड्ड्यात डेल्फिया स्वतःच पडली होती, आणि खड्डा तर खणलाही नव्हता. दुपारपर्यंत एक करंजी खपली नाही. लोक गवतावर बसून घरची कोंबडी आणि घेवडा खात होते, एकमेकांना आग्रह करत होते.

ते पाहता पाहता ती उठली. टेबलावरची चादर ओढून गवतावर अंथरली, करंज्या त्यावर मांडल्या.

“विकतंय कोण? टॅबिथाची पंगत आहे ही. घ्या!” आणि गुलाब काढून तो डबा तिने पुढे ठेवला. “देखभालीसाठी काही टाकायचं असेल, तर तुमची मर्जी.”

तेव्हापासून डब्यात टेबलापेक्षा जास्त पडू लागलं. मेलेल्या बाईकडे सुट्टे परत मागणार कोण?

पानगळीत एका संध्याकाळी होबार्ट येऊन शेजारी बसला. करंजी खाल्ली, डब्यात नोट टाकली.

“आता खरं सांग. खाली कोण आहे?”

“कुणी नाही.” डेल्फियाने डोळे पुसले. “पण रोज सकाळी मी तिला हाक मारते रे. परवा एक परकी बाई इथे बसून ढसाढसा रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.”

“मग सांगून टाक सगळ्यांना.”

“त्याहून सोपं आहे. मी गेले की मला इथेच पुरा, आणि नाव टॅबिथाचंच राहू दे. थडगं खरं होईल.”

“आणि माझी पाटी?”

“मी जिवंत असेपर्यंत ती हलत नाही,” डेल्फिया त्याच्यापुढे दुसरी करंजी सरकवत म्हणाली, “आणि मेल्यावर तर मुळीच नाही.”