दुपारी बसणारा आवाज

माझे पती काविळीने गेले त्या उन्हाळ्यात भेटायला येणारे सगळे चांगलंच बोलत होते. एकच माणूस खरं बोलल्यासारखं बोलला, आणि ते खरं नव्हतं. तो पुण्याच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. पिरंगुटला ह्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गिटारचा आवाज जाड, फाटका करणारा, पायाने दाबायचा डबा त्याने ह्यांच्याकडे करून मागितला होता, परदेशी बनावटीचा मिळेना. ह्यांनी ॲल्युमिनियमच्या जेवणाच्या डब्यात सगळं बसवलं. पण तो कधी वाजे, कधी नुसता खरखरे, आणि ह्यांच्या हयातीत नीट झालाच नाही. मी पडद्याआड होते. तो माझ्या दिराला म्हणाला, "कारागीर चांगला होता. पण हे काम त्याच्या आवाक्यातलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी दिराला सांगून मी दुकानातून तो डबा, चाचणीची जुनी गिटार, सोल्डरचं सामान आणि आवाज ऐकायला एक मोठा रेडिओ घरी आणवला.

मी इद्दतीत होते. नवरा गेल्यावर बाईने ठरलेली मुदत घरातच काढायची, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. ते मी पाळत होते, मनापासून. पण घरात बसून हाताने काय करायचं, हे मी कुणाला विचारलं नाही. मी फिजिक्स घेऊन पदवीधर झाले होते. वाचलेलं पुष्कळ होतं, हाताला सवय नव्हती. बोटं भाजली. एकेक जोड उकलून पुन्हा डागला, सेल बदलला, वायर बदलली. गिटार मला येत नाही. एकच तार छेडायची आणि ऐकायचं.

शेजारणीने एकदा दारातूनच विचारलं, की मयताच्या घरात हे काय चाललंय.

"दुरुस्ती," मी म्हटलं.

सासूबाई धान्य निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "हिला म्हनलं रड, तर ही डब्याला रडवतीया." शेजारीण हसली नाही. सासूबाईही हसल्या नाहीत, पण मला थांबवलंही नाही.

एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. पहाटे नमाजनंतर तार छेडली की आवाज भरून यायचा, अगदी हवा तसा. दुपारी छपराचा पत्रा तापला की तोच आवाज बसायचा, तुटायचा. संध्याकाळी मी काही न करता परत यायचा. माझे जोड पक्के होते. ह्यांचेही पक्केच असणार. एका दुपारी आवाज बसल्यावर माठाच्या पाण्यात चिंधी भिजवली, घट्ट पिळली आणि आतल्या दोन ट्रान्झिस्टरांवर धरली. तार छेडली. आवाज उठून उभा राहिला. चिंधी काढली, थोड्या वेळाने पुन्हा बसला. ट्रान्झिस्टर जुन्या जातीचे होते, जर्मेनियमचे. त्यांना उष्णता सोसत नाही. आवाजाची जी गोडी ती त्यांच्यामुळेच, म्हणून ह्यांनी तेच निवडले होते.

मग सोपं होतं. प्रवाह कमी-जास्त करणारं एक बटण बाहेर काढलं: ऊन चढलं की थोडं फिरवायचं.

गिटारवाल्याला मी मुद्दाम भर दुपारी बोलावलं. तो बाहेरच्या खोलीत, मी पडद्याआड, मध्ये दीर. बटणाचं त्याला दिराने सांगितलं. त्याने वायर जोडली आणि वाजवायला लागला. गल्लीतली पोरं दारात जमली. कुणीतरी म्हणालं दार लावा, तर सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे उघडं. लई उकडतंय."

आवाज बसला नाही. त्याने बराच वेळ वाजवलं. मग पडद्याकडे तोंड करून, अगदी मनापासून म्हणाला, "कमाल केलीत, भाभी. त्याला हे जमलं नसतं."

तोपर्यंत मी त्याच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. पडद्याआडूनच बोलले.

"सकाळी त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक असायचं. ह्या डब्यासाठी त्यांना फक्त दुपार मिळायची, तीही पत्र्याखाली. मला पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खा दिवस मिळाला. तो कशामुळे मिळाला, ते तुम्हाला ठाऊक आहे. डबा त्यांनी केलाय. तसं म्हणून न्यायचा असेल तर न्या."

तो गोंधळला. म्हणाला, मी तर तुमचं कौतुकच करत होतो.

"ते नको," मी म्हटलं.

तो दिराकडे बघायला लागला. दिराने माझी समजूत घालायला तोंड उघडलं, तर सासूबाई उठल्या. त्यांनी वायर ओढून काढली, डबा उचलला आणि पदराखाली धरून आत आल्या.