पावडर पेटली तो दिवस
कोनी अंगनात पिलास्टिक पेटवलं का मले बोरगावची कंपनी आठवते. मी अन् माही लहान जाऊ तेथी कामाले होतो. पिलास्टिकच्या बारीक पावडरीले गरम हवा देऊन दाना गोल कराचा, मंग पावडर पान्यासारकी वाहे. तिचे थरावर थर देऊन मशिनीत सामान बनते म्हनत. दाना वाकडा राह्यला का पावडर नरसाळ्यात अडके. त्या दिवशी अडकली. सायेब ओरडला, "सोने आई क्या तुम लोग?" जाऊ म्हने, "बाई, सरका तुमी. चक्कीवर ठोकलं का गहू उतरते ना, तशी हेबी उतरते," अन् तिनं लोखंडी सब्बल, म्हंजे पहार, नरसाळ्यावर दनादन हानली. पावडर भसकन पडली, खोलीभर उडाली, सब्बलीची ठिनगी पडली अन् सारी हवाच पेटली. पत्रे उडाले, मी भितीवर आपटली. जाऊ पेटून सैरावैरा पयत होती. म्या लात मारून तिले पाडलं, वरून पोतं दाबलं. हात धरला तं कातडी माह्या मुठीत आली. सायेब आधीच भाईर निंगून दार लावून राह्यला होता. म्या दाराले असा धक्का देला का तो उताना पडला, अन् तिले ओढत भाईर काढलं. सौसरच्या दवाखान्यात नेतानी जाऊ इचारे, "बाई, पावडर उतरली का वो?" म्या म्हनलं, "उतरली. चूप राह्य." आता तिची बोटं चिकटून गेली हायेत, घास मीच भरवतो. घास मोठा झाला का शिव्या देते. मी देऊ देतो.