जिथं पिवळं कार्ड नव्हतं

सुलभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात लाखोरीची भाजी निवडत बसले होते. फोनवर तिचा भाचा होता. "मोठी मावशी, सुलूमावशी गेली. शाळेच्या ऑफिसातच... खुर्चीवरच." मी त्याच्यावरच खेकसले. तीस वर्षं नर्सची नोकरी केलेल्या बाईची जीभ जरा तिखटच होते. "नाडी कोणी पाहिली? डॉक्टर आला का? तुले काय समजते त्यातलं?" तो रडत रडत म्हणाला, "पाहिली मावशी, सगळं पाहिलं." पंचेचाळीस वर्षांची बाई, बीपी नाही, शुगर नाही. मी भाजी निवडून संपवली, धुतली, झाकून ठेवली आणि मग एकोडीहून पवनीला जायला निघाले. त्या भाजीचं पुढं काय झालं ते आठवत नाही.

नोकरीच्या काळात पवनीला माझं घर सुलभाच्या घराला लागून होतं. ती तिथल्याच शाळेत क्लार्क. वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण मैत्रीत वय कोण पाहतो? मला ती ताई म्हणायची आणि अगंतुगं करायची. तिला एकच नाद होता, वाचनाचा, आणि त्यातही एकाच तऱ्हेच्या कादंबऱ्यांचा. आजची शिकली सवरली मुलगी कुठल्या तरी विहिरीत डोकावते, नाहीतर भुयारात शिरते आणि पाचशे वर्षं मागं जाऊन पडते. तिथं कोणी सरदार, कोणी शिल्पकार असतो. त्याच्यावर तिचा जीव जडतो. मग शेवटी पेच ठरलेला, तिथंच राहायचं की परत यायचं? आधी वाचनालयातून आणायची, पुढं मोबाईलवर रोज एक भाग यायला लागला. पवनीत तर खणलं तिथं जुनं काही ना काही निघतंच, त्यामुळं नदीकाठी फिरायला गेलो की तिचं सुरूच, "ताई, या इथूनच कोणी मागं गेलं असंल तर वो?"

मी तिची भरपूर टर उडवायची. म्हणायची, "तुह्या त्या राणीले तिथं टीटीचं इंजेक्शन कोण देणार? पहिल्याच बाळंतपणात मरते पाहा ते." ती हसायची आणि वाचत राहायची. एकदा मात्र हसली नाही. नखानं पुस्तकाची कड खरडत म्हणाली, "मरू दे ना ताई. पण तिले तिथं कोणी कार्ड तर नाही मागत." पदरानं तोंड पुसत मी चहा ठेवायला आत गेले.

कार्ड म्हणजे सिकलसेलचं. आमच्या भागात रक्तातला हा आजार घराघरात आहे. ज्याला प्रत्यक्ष आजार नाही, पण जो पुढच्या पिढीला तो देऊ शकतो, त्याला पिवळं कार्ड मिळतं. दोन पिवळ्या कार्डांचं लग्न झालं तर लेकराला पुरता आजार होण्याची भीती. आमच्या बौद्ध समाजानं पत्रिका पाहणं कधीच सोडलं, पण कार्ड पाहणं धरलं, आणि ते धरायला लावणाऱ्यांत मी पुढं होते. त्याचा मला अभिमान होता. खोटं कशाला बोलू? पोरीची पसंती झाली की मी पाटावर बसल्या बसल्या विचारायची, "कार्ड आणलं का?" सुलभाचं सिहोऱ्याच्या एका मास्तरशी जमलं होतं. दोघांनी एकमेकांना स्वतः पसंत केलेलं, घरच्यांचाही होकार. साक्षगंधाची बोलणी सुरू होती. मीच कार्डं मागितली. दोन्ही पिवळी निघाली. दोन्ही घरं माझ्या तोंडाकडं पाहू लागली आणि मी म्हटलं, "नाही म्हणजे नाही. लेकरू तडफडलं तर कोण पाहीन?" सुलभानं मान हलवली. तिनं कधी माझा शब्द मोडला नव्हता. पुढं ज्या घरात जाईन तिथं लोक म्हणायचे, नर्सबाईनं दोन घरं वाचवली.

आता जे लिहिते आहे ते कोणालाच सांगितलेलं नाही. त्यानंतर वर्षभरानं मला नागपूरला ट्रेनिंगला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, की दोन पिवळ्या कार्डांचं लग्न झालंच तर सगळं संपत नाही. पोटातल्या गर्भाची सुरुवातीच्या महिन्यांतच तपासणी करता येते. मूल नको असेल तर तोही त्या दोघांचा विचार. आपलं काम माहिती देण्याचं, निकाल देण्याचं नाही. त्यांनी तसा छापील कागदही दिला. मास्तरचं लग्न तोवर झालं नव्हतं. तो सुलभासाठी थांबला आहे हे मला ठाऊक होतं... तरी मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझा शब्द खोटा पडला असता आणि तो मला पडू द्यायचा नव्हता. अडीच महिन्यांनी मास्तरनं दुसरीकडं लग्न केलं. सुलभानं मग कुठलंच स्थळ पाहिलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर तिला भेटायला गेले ती शेवटची भेट. सांगायचंच असं ठरवून गेले होते. ती नवी गोष्ट सांगत होती, त्यातल्या नायिकेला फक्त एकदाच मागं जायला मिळणार होतं. मध्येच थांबून म्हणाली, "ताई, तुले एकदाच जाता आलं तर कोणत्या दिवसात जाशील?" दार उघडून दिल्यासारखं होतं ते. मी म्हटलं, "मले नाही कुठं जाचं. भाकरी टाक, भूक लागली." तिनं भाकरी टाकली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, तिला श्रद्धांजली वाहायला सगळे जमले तेव्हा, एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. म्हणाले, सुलभाताईंनी स्वतःच्या सुखावर पाणी सोडून समाजापुढं उदाहरण ठेवलं. लोक माझ्याकडं वळून मान डोलवत होते. मला तिथंच धरणी दुभंगावी असं झालं. उभं राहून खरं सांगावं, एवढंही मला जमलं नाही. आता सांगते आहे, तर ऐकायला ती नाही. ती नाही म्हणूनच सांगते आहे, हेही मला कळतं.

आजकाल दुपारी, शाळेच्या मधल्या सुट्टीत ती वाचायची त्याच वेळी, मी मोबाईलवर तिच्या त्या गोष्टी वाचते. नायिका विहिरीत उतरते आणि मी नागपूरहून येणाऱ्या गाडीत बसलेली असते. पर्समध्ये तो कागद. पवनीला उतरते, गल्लीत शिरते. तिचं घर आधी येतं, मग माझं. सुलभा दारात तांदूळ पाखडत बसलेली, तीस वर्षांची. सूप बाजूला ठेवून विचारते, "काय शिकवलं वो ताई ट्रेनिंगमधी?" आणि कितीदाही मागं गेले तरी मी तेच म्हणते, "काही नाही, नेहमीचंच."