छपरं मोजणारे मावसाजी

आमच्या मावसाजींनी उभ्या जन्मात पाणी कधी नुसतं पाणी म्हणून पिलं नाही. तहान लागली की भांडं तोंडाला लावायचं, हे त्यांच्या मते अडाणीपणाचं लक्षण. माणसानं आधी पाण्याची विचारपूस करावी, ते कुठून आलं, वाटेत कशाकशातून झिरपलं, सोबत काय काय घेऊन आलं हे जाणून घ्यावं आणि मगच त्याला घशाखाली उतरू द्यावं. मावसाजी म्हणजे माझ्या धाकट्या मावशीचे यजमान. राहायला खामगावला. सगळी नोकरी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत झाली आणि निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, तरी ती प्रयोगशाळा काही त्यांच्या अंगातून निघाली नाही. समोर पेला आला की ते तो उजेडाकडे धरतात, मग वास घेतात, मग एक घोट तोंडात घेऊन डोळे मिटतात. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. मध्येच कुकरची शिट्टी झाली तर मिटल्या डोळ्यांनीच कपाळाला आठ्या पडतात. लहानपणी मी जानेफळहून सुट्टीत त्यांच्याकडे जायचो, तेव्हा आईनं वाटेसाठी भरून दिलेली पाण्याची बाटली ते माझ्या हातातून काढून घेत, 'ये, बस' म्हणायच्याही आधी. एकदा घोट घेऊन डोळे उघडले आणि म्हणाले, "काय बे, तुमची विहीर सोडली काऊन? हे तं बोअरचं होय." आमच्या विहिरीवरची मोटार त्याच आठवड्यात जळली होती आणि आम्ही शेजाऱ्यांच्या बोअरवरून पाणी भरत होतो. ही गोष्ट घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. त्या दिवसापासून मला त्यांच्यासमोर थाप मारायची छातीच झाली नाही. ज्याला बाटलीतलं कळतं त्याला पोटातलं कळायला कितीसा वेळ लागणार!

लग्न झाल्यावर नवं जोडपं कुठं कुठं फिरायला जातं. मावसाजी मावशीला घेऊन लोणारला गेले. सरोवराच्या काठावर ऊन उतरलेलं, मावशी नवी साडी नेसून उभी, आता हे काहीतरी दोन शब्द बोलतील म्हणून खाली मान घातलेली. यांनी खिशातून तांबड्या लिटमसची पट्टी काढली, वाकून पाण्यात बुडवली आणि लहान मुलासारखे ओरडले, "पाह्य, पाह्य, कसा बदलला!" मावशी ही हकीगत आजही येईल त्याला सांगते. "कागद तांबड्याचा निळा झाला अन् मी तांबडी झाली," म्हणते. पुढे मुलगी झाली तेव्हा मावशीनं हौसेनं जमवलेली सगळी नावं बाजूला ठेवून यांनी तिचं नाव नदीवरून पूर्णा ठेवलं. दुसरं मूल झालं नाही म्हणून बरं, नाहीतर त्याला तलाव-बंधाऱ्याचं नाव घेऊन जन्म काढावा लागला असता.

लग्नाच्या पंगतीत मावसाजी शेजारी बसू नयेत असं सगळ्या नातेवाइकांना वाटतं, पण ते दूर बसले की आपण काहीतरी मोठं चुकवलं अशी हुरहुरही लागते. एका लग्नात नवरदेवाचे मामा हात धुवायला ड्रमापाशी उभे होते. मावसाजींनी नळ बंद केला. "हा ड्रम म्हणजे पृथ्वीवरचं सारं पाणी समजा," ते म्हणाले. मग त्यातलं समुद्राचं वजा केलं, बर्फात गोठलेलं वजा केलं, जमिनीत फार खोल गेलेलं आणि माणसानं नासवलेलंही वजा केलं. राहिलेलं त्यांनी एका चमच्यात घेऊन मामांच्या नाकासमोर धरलं. "एवढ्यात सारी दुनिया भागवून राह्यली, अन् तुम्ही ड्रम मोकळा सोडून देल्ला!" मामांच्या हाताला साबण तसाच, मागे खरकट्या हातांची रांग लागलेली, आणि तरीही कुणी हललं नाही. सगळे त्या चमच्याकडे पाहत होते. मीही पाहत होतो. त्यांच्या बोलण्यात अशी काही ओढ असते की हसायला आलेला माणूस हसायचं विसरतो. मग बुंदी वाढली जात असताना त्यांनी समुद्राचं पाणी गोड करणारे देश सांगितले, सिंगापुरात नालीचं पाणी कसं परत पिण्याजोगं करतात तेही सांगितलं, आणि ती बुंदी पुष्कळांच्या पानात तशीच राहिली.

अशा माणसाच्या मुलीनं सासर निवडलं ते नेमकं खारपाणपट्ट्यातलं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना आमच्याकडे हा पट्टा पसरलेला आहे. कुठंही खणा, खालून खारं पाणी लागतं. त्या पाण्यानं डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि वर्षानुवर्षं तेच पिणाऱ्यांच्या किडन्या कधी जातात ते त्यांनाही कळत नाही. तिकडे मुलगी द्यायची म्हटलं की आईबाप दहादा विचार करतात. पूर्णानं पसंत केलेला मुलगा खामगावच्या कॉलेजात तिच्याबरोबर शिकलेला, आता स्वतःच्या गावातल्या शाळेत शिक्षक. माणसं चांगली, घर चांगलं. पण त्या गावच्या पाण्याच्या शिश्या मावसाजींनी नोकरीत असताना किती वेळा तपासल्या होत्या, आणि दर वेळी त्यांवर आपल्या हातानं 'पिण्यास अयोग्य' असा शेरा लिहिला होता. तिथल्या हातपंपाला लाल रंग दिला गेला तो त्या शेऱ्यावरूनच. रंग लागला आणि लोक तेच पाणी पीत राहिले, कारण दुसरं नव्हतंच.

घर पाहायला मावशी, मावसाजी आणि गाडी माझी म्हणून मी, असे गेलो. बैठकीत गूळ-पाणी आलं. पेले थंडगार. मावसाजींनी पेला उजेडाकडे धरला, घोट घेतला, डोळे मिटले. मावशीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी जमिनीकडे.

"हे पाणी तुमचं नोहे," मावसाजी म्हणाले.

मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. पाहुणे येणार म्हणून त्यांनी तालुक्याच्या गावाहून विकतचा जार आणवला होता. "पाहुण्यायले खारं कसं द्यावं जी?" ते हळूच म्हणाले.

"पाहुण्यायले नका देऊ. पण पोरीले तं तेच देसान ना? ते आणा."

मुलाची आई आत गेली आणि हातपंपाचं पाणी घेऊन आली. मला वाटलं, आता नेहमीसारखी एका घोटाची परीक्षा होईल. मावसाजींनी या वेळी डोळे मिटले नाहीत, वास घेतला नाही. त्यांनी तो पेला सावकाश, थेंबही न ठेवता रिकामा केला. तेच पाणी मलाही दिलं होतं, मी एकच घोट घेतला आणि गुळण्या करायचं मिठाचं पाणी चुकून गिळल्यासारखं तोंड झालं होतं. मुलाची आई दारातच उभी होती. ती म्हणाली, "इतक्या वर्सापासून पाणी तपासणारे येतेत. शिशीत भरतेत अन् घेऊन जातेत. बसून पेणारे तुमीच पह्यले." मावसाजी उठले आणि रिकामा पेला त्यांनी स्वतः तिच्या हातात नेऊन दिला.

घरी पोचलो तर पूर्णा दारातच. मावसाजी चपला काढता काढता म्हणाले, "नाही. मी जाणून-बुजून नाही देऊ शकत." ती रडली नाही, भांडलीही नाही. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही जिंदगीभर त्या पाण्याले अयोग्य लिहिलं. तेथची माणसं तं अयोग्य नाहीत ना?" मावसाजी त्या रात्री जेवले नाहीत. त्यानंतर काही दिवस त्यांनी घरचं पाणीसुद्धा न चाखता पिलं म्हणतात, आणि मावशी म्हणते की तिला खरी भीती तेव्हाच वाटली.

मग एक दिवस ते कुणाला न सांगता एसटीनं कुठंतरी गेले आणि संध्याकाळी परत आले ते सदऱ्याला गंज, कोपर खरचटलेलं आणि चेहरा मात्र फुललेला. हातात गवंड्याचा टेप.

"कुठी गेलते?" मावशी.

"पोराचं घर पाह्यले."

"अन्?"

"छप्पर मस्त आहे!"

मावशीनं कपाळाला हात लावला. "लोक पोराची नोकरी पाह्यतेत, वावर पाह्यतेत. तुम्ही छप्पर पाहून आले?"

"चांगलं मोठं टिन आहे अन् उतार एकाच अंगाले आहे," मावसाजी म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं सोयरीक पक्की झाली होती.

जमिनीखालचं पाणी खारं असलं तरी वरून पडणारं गोडच असतं, हे त्यांचं साधं गणित. छपराला पन्हळी लावायच्या. सुरुवातीचं पाणी सोडून द्यायचं, कारण ती छपराची आंघोळ. मग पुढचं पाणी गोटे, रेती आणि कोळशातून गाळून अंगणातल्या बंद टाकीत घ्यायचं. टाकीत उजेड शिरू द्यायचा नाही, म्हणजे शेवाळ धरत नाही. लग्नाच्या आधीच त्यांनी ती टाकी बांधून घेतली. गावातले चाचा मिस्त्री आणि मावसाजी यांची रोज जुंपायची. शेवटी चाचा म्हणाले, "साहब, पानी आप देखो, सिमेंट मेरे पे छोडो." लग्नात पूर्णाच्या आंदणाची ट्रॉली निघाली. तिच्यात सोफा नाही, कपाट नाही. पन्हळी, पाइप, धुतलेली रेती आणि पोत्यात कोळसा! पुढे बँड वाजतोय आणि मागून रेती चाललीय, असं लग्न आमच्या नात्यात आजवर झालं नव्हतं. एक जण म्हणाला, "मावसाजी, पोरीले नांदाले पाठवून राह्यले का बांधकामाले?" मावसाजी हसले. मी इतकी वर्षं त्यांची थट्टा करत आलो, पण त्या दिवशी त्या ट्रॉलीमागे चालताना माझा ऊर भरून आला होता. ज्या माणसानं आयुष्यभर पाण्यातले दोष लिहिले, तो आता स्वतः पाणी करून देत होता.

पावसाळा झाला, टाकी भरली. मावसाजींनी हिशोब नीट केला होता. घरात चार माणसं, पिण्याला आणि स्वयंपाकाला पुढच्या पावसापर्यंत पुरून वर सणावाराच्या पाहुण्यांपुरतं उरेल इतकं पाणी. उन्हाळ्यात मावसाजी आणि मी पूर्णाकडे गेलो. मावसाजींनी आधी टाकीचं झाकण उचललं आणि बॅटरी आत धरली. पाणी तळाला गेलं होतं. टाकी गळतेय असं वाटून ते या वयात आत उतरले, बोटांनी प्लास्टरचा कोपरान् कोपरा चाचपला. कुठंही ओल नव्हती. चाचांचं काम चोख होतं.

"पूर्णा, मी हिशोब चार माणसायचा केलता," वर येऊन ते म्हणाले.

"बाजूच्या घरी रांगतं लेकरू आहे, बाबा. त्याच्या पलीकडे एकाच्या किडन्या गेल्या. त्यायच्यासमोर मी झाकण लावून बसू काय?" लेकरांच्या आणि आजाऱ्यांच्या घरी ती रोज एकेक कळशी देत होती, आणि सासूनंही तिला अडवलं नव्हतं.

"मंग तू काय पेते?"

"गल्ली जे पेते, ते."

मावसाजी टाकीच्या कठड्यावर बसले. ते आता रागावतील, किडनीत काय काय होतं ते चित्र काढून समजावतील, अशी मी वाट पाहत होतो. ते उठले, पिशवीतून टेप काढला आणि शेजारच्या दारात जाऊन म्हणाले, "भाऊ, शिडी आहे काय?"

तेव्हापासून आमचे मावसाजी छपरं मोजताहेत. टिनाची, कवेलूची म्हणजे कौलांची, स्लॅबची. गल्लीतली माणसं एकमेकांच्या टाकीचे खड्डे खणायला जातात, चाचा बांधतात, आणि मावसाजी सगळ्यांवर ओरडतात. गल्लीतल्या माणसांची नावं त्यांना आठवत नाहीत, पण 'दोन उतारवाले' किंवा 'फुटके कवेलूवाले' म्हटलं की लगेच माणूस डोळ्यापुढे येतो. परवा मी गेलो तेव्हा ते एका टिनावर ओणवे होते आणि मी खाली शिडी धरून उभा होतो. त्यांचे गुडघे आता कुरकुरतात, खाली उतरताना एकेका पायरीवर थांबावं लागतं. मी म्हटलं, "मावसाजी, आता दुसऱ्या कुणाले चढू द्या. तुम्ही खालून सांगा." त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि टेपचं दुसरं टोक धरायला मला वर बोलावलं.

पूर्णा अजून खारंच पिते. मावसाजींनी तिला समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा तर हात जोडले. ती सगळं नीट ऐकून घेते आणि शेवटी एवढंच म्हणते, गल्लीतल्या सगळ्यात शेवटच्या घरी टाकी झाली की त्या दिवसापासून मीही गोड पाणी पिईन. हट्ट कुणाचा घेतला आहे ते सांगायला नकोच. गल्लीची एक पूर्ण बाजू अजून बाकी आहे, आणि म्हणून मावसाजींना हल्ली फार घाई असते.