सरळ पायावरचा काळा डाग

“तिन्ही फोटोंत डाग एकाच जागी कसा पडतो, डॉक्टर?” मोठ्या साहेबांनी भिंग माझ्यापुढे सरकवलं.

मी पाहिलं. दर्यापूरच्या दोन वर्षांच्या लीलाचा डावा पाय. करंगळीच्या मागे गोल काळा ठिपका. फोटो तिच्या वडिलांनी तिथल्या स्टुडिओत काढून पाठवले होते. मला तो फोटो धुतानाचा डाग वाटला होता.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. मी अमरावतीच्या एका इस्पितळात हाडांचा डॉक्टर होतो. काही मुलं जन्मतःच पाऊल आत वळवून येतात. याला आम्ही क्लबफूट म्हणतो. पाऊल हातानं थोडं सरळ करायचं, प्लास्टर घालायचं, आठवड्यानं काढून आणखी थोडं सरळ करायचं. हा उद्योग मी दर शनिवारी करी. आमच्या विभागाचे प्रमुख असलेले मोठे साहेब मूळचे पुण्याचे, आणि त्याहून मूळचे ऑपरेशनवाले. माझ्या प्लास्टरला ते ‘कुंभारकाम’ म्हणत.

त्या कुंभारकामावरचा माझा पहिला पेपर लीलाच्या फोटोंसकट मुंबईच्या एका जर्नलकडे गेला होता. एकाही मुलाला प्लास्टर-सोर झाला नाही, असं मी छातीठोकपणे लिहिलं होतं. सोर म्हणजे प्लास्टर आतून घासून पडलेली जखम. जर्नलनं उलट विचारलं, मग लीलाच्या पायावरचा हा व्रण कसला?

“सोर असेल तर पेपर मागे घ्या,” साहेब म्हणाले. “आणि शनिवारचं कुंभारकामही बंद. पुढची पोरं माझ्या टेबलावर.”

कितीतरी तान्ह्यांचे पाय नुकते वळायला लागले होते. ते आता सुरीखाली जाणार. पेपरचंही दुःख होतंच, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी सकाळीच दर्यापूरची एसटी धरली.

लीलाची आई रुखमाबाई बाजारात भाजी विकायची. लीला वांग्यांच्या ढिगाभोवती पळत होती. पळत होती, हे पाहून आधी बरं वाटलं. मग तिला उचलून पाऊल पाहिलं. डाग होता. माझं तोंड उतरलं. दुखेल म्हणून हळूच अंगठ्यानं दाबला. लीला खिदळली आणि माझा अंगठा काळा झाला.

“बाई, हे काय?”

“तीट हाये जी. म्याच लावली.”

“अहो, तीट गालावर लावतात!”

“तोंडाकडं कोन पाहून राहिलं, डाक्टर? जो येते तो पावलाकडंच पाह्यते. म्हन्ते, काय सरळ झालं! मंग नजर पायाले लागन का गालाले?”

यावर मेडिकल कॉलेजात काही शिकवलं नव्हतं.

“फोटोच्या दिवशीही लावली होती?”

“त्या दिशी तं मोठी लावली. फोटो कोन कोन पाह्यन, काय सांगाव!”

मी म्हटलं, आता तीट पुसून नवा फोटो काढू. बाईंनी लीलाला जवळ ओढलं.

“अन् पाय परत वाकडा झाला मंग?”

मी सगळं सांगितलं. फोटोत डाग राहिला तर बाकीच्या लेकरांचं प्लास्टर बंद होईल. ज्या पायासाठी आठवड्यामागून आठवडे एसटीचे धक्के खाल्ले, तो पाय रुखमाबाईंनी मांडीवर घेतला. मग पदरानं तीट पुसली.

“काढा. पन लौकर काढा.”

स्टुडिओत फोटो झाल्याबरोबर त्यांनी काजळाची डबी काढली. आधी लीलाच्या पायाला बोट लावलं. मग तेच बोट माझ्या गालाला.

“तुमाले काहून नाई? पाय तं तुमीच सरळ केला न!”

गाल पुसायचं सुचलंच नाही.

संध्याकाळी, स्टुडिओतून लगेच धुऊन घेतलेला फोटो घेऊन तसाच साहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी भिंगातून फोटो पाहिला. मग भिंग माझ्या गालावर आणलं.

“हा कसला व्रण?”

“पुसून पाहा, सर.”

साहेबांनी खरंच बोट ओलं करून पुसलं. काळं बोट भिंगाखाली धरलं आणि हसू दाबत म्हणाले, “जा. शनिवारी बसा तुमची मडकी घडवत.”

पेपर छापून आला. माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना मी पुढे एकच गोष्ट सांगत आलो. वऱ्हाडात लेकराच्या अंगावर व्रण दिसला, तर निदान करण्याआधी बोट ओलं करा. आणि पुसलाच, तर तिथून हलण्याआधी आईला काजळाची डबी काढू द्या.