तबकड्यांना सावली

होळी झाली की आमच्या वरच्या मजल्यावरच्या अक्का आपला पलंग सोडायच्या. पलंगावर गाण्यांच्या तबकड्या आणि जमिनीवर चटई टाकून अक्का. जळगावचा उन्हाळा, त्यात डोक्यावर उघडी गच्ची. त्यांच्या लाखेच्या जुन्या तबकड्या त्या उकाड्यात हळूहळू वाकायच्या, आणि एकदा तबकडी वाकली की सुई तिच्यावर टिकत नाही. "माणूस उन्हातून उठून सावलीत जातं. हिला पाय आहेत का?" असं म्हणून, मी वर जाऊन बसले की, त्या माझ्यावरचा पंखा खुशाल तबकड्यांकडे वळवायच्या. मला राग यायचा, पण बोलायची हिंमत नव्हती. बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या.

लग्न केलं नव्हतं. पगारातून, जुन्या बाजारातून, कुणाकुणाच्या अडगळीतून एकेक तबकडी जमवलेली. वाजवायच्या मात्र क्वचित, सुईनं झिजतात म्हणून. सगळा जीव अडकला होता तो त्या कशा ठेवायच्या यात. आडव्या रचल्या तर खालच्या भारानं तडकल्या. उभ्या ठेवल्या तर कलून वाकल्या. लोखंडी कपाट आणलं, त्याची दुपारी भट्टी झाली. मग दूधवाल्यालाही विचारून झालं, कुठं ठेवू म्हणून. "मी गेल्यावर काय व्हायचं ते होवो, पण माझ्या डोळ्यांदेखत नको," असं म्हणायच्या.

त्या वर्षी मे महिन्यात पाचोऱ्याहून अक्कांचा भाचा आला. त्याची केळी पिकवायची थंड खोली होती. "आक्का, कसाले जीव जाळस? मन्ही खोलीमा ठेव. तठे बठ्ठं गारेगार ऱ्हास." इतकं सोपं उत्तर आपल्याला कसं सुचलं नाही, म्हणून आम्ही दोघी हसत सुटलो. तबकड्यांची खोकी टेम्पोत चढली आणि अक्का भर उन्हाळ्यात पलंगावर निजल्या.

केळीची साल सुकू नये म्हणून त्या खोलीत हवा सतत ओली ठेवतात. केळीच्या मुलखात वाढलेल्यांना हे कुणी सांगावं लागत नाही. पण आमच्या डोक्यात उन्हाखेरीज दुसरा शत्रूच नव्हता. पावसाच्या तोंडावर खोकी परत आली तेव्हा कागदी पाकिटांचा लगदा झाला होता आणि तबकड्यांवर राखाडी बुरशी दाटली होती. भाचा उंबऱ्याबाहेरच थांबला. "आक्का, मन्हं चुकनं." अक्का खोकी आत ओढून फडकं घेऊन पुसायला बसल्या.

बुरशी निघाली, पण तिनं खाल्लेली लाख कुठून परत यायची? अक्कांनी ग्रामोफोनवर एक तबकडी लावली. नुसती खरखर. दुसरी लावली, तेच. त्यांनी जेवण टाकलं. जपून जपून फारशा ऐकल्या नव्हत्या, त्या सगळ्या आता एकामागून एक लावत सुटल्या. माझ्यानं ते बघवत नव्हतं.

अक्का दिवाळीआधी गेल्या. माझ्या लेखी मात्र त्या त्यापूर्वीच, एका दुपारी गेल्या. सुई फिरत होती आणि त्यांनी एकदम माझं मनगट धरलं. शाळेतली शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली.

"ऐक, ऐक! मजार शे ती! गाई ऱ्हायनी!"

मला खरखरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. "हो अक्का," मी म्हटलं, "आत आहे ती. गातेय."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"काय गातेय, सांग."

मी यंत्राजवळ कान नेला. खरखरच. त्यांनी माझं मनगट सोडलं, सुई उचलली आणि यंत्राचं झाकण लावून टाकलं.