केरूचे तीन ठोके

भिमाजीसारखा रिव्हेट मारणारा अख्ख्या नाशकात नाही, असं लोक म्हणत. आणि लोक म्हणायचे थांबले तर भिमाजी स्वतः म्हणे. वणीकडच्या शेतकरी घरातला हा गडी सत्तर साली शहराबाहेरच्या विमानांच्या कारखान्यात लागला आणि दोन वर्षांत असा तरबेज झाला, की पंखाच्या पत्र्यावर त्याची गन धडधडू लागली की शेजारचे हातातलं काम सोडून बघत. तिथूनच त्याच्या डोक्यात हवा गेली.

आता रिव्हेट म्हणजे दोन पत्रे जोडणारा बिनटोकाचा खिळा, आणि तो ठोकायला माणसं लागतात दोन. एक बाहेर गन घेऊन उभा. दुसरा पंखाच्या आत अंग चोरून बसतो आणि रिव्हेटच्या शेपटाला लोखंडी ठोकळा लावून धरतो. बाहेरच्याला दिसतं ते नुसतं गुळगुळीत डोकं. खरं काय बसलंय ते आतल्यालाच दिसतं. गनच्या आवाजात बोलणार काय, कपाळ? म्हणून आतला ठोकळ्यानं पत्र्यावर ठोके देतो. एक ठोका म्हणजे अजून मार. दोन म्हणजे झकास बसला. तीन म्हणजे वाया गेला, काढून टाक. कानाला नाही आलं तरी पत्र्यावर टेकलेल्या हाताला कळतंच.

भिमाजीच्या आत बसायचा केरू. नाशिकरोडच्या वस्तीतला, बौद्ध घरातला, अंगानं काटकुळा आणि कामाला चोख. कागदावर जुनीच जात राहिल्यानं राखीव जागेवर लागला होता, आणि तेवढं एक वाक्य त्याच्या पाठीमागे बोलायला लोकांना पुरत असे.

बहात्तरच्या मार्चमधली गोष्ट. पंखाला लागणारे ते रिव्हेट भट्टीतून मऊ करून फ्रिजमध्ये ठेवलेले असत. बाहेर काढले की वीस मिनिटांत मारून मोकळं व्हायचं, नाहीतर ते आपोआप कडक होतात आणि ठोकताना तडकतात. भिमाजीनं डबा काढून घेतला आणि चहाला गेला. तिथं चारचौघांत सांगून बसला की भोंग्याच्या आत हा पत्रा संपवतो, बघाच. गप्पा रंगल्या. परत आला तेव्हा पाऊण तास उलटला होता आणि भोंग्याला जेमतेम पंधरा मिनिटं उरली होती. स्टोअरला जाऊन नवे आणायचे म्हणजे चिठ्ठी, सही आणि शब्द खाली पडणार. त्यानं तेच मारायला घेतले.

पहिल्याला आतून तीन ठोके आले. दुसऱ्याला तीन. तिसऱ्यालाही तीन, आणि या वेळी जरा जोरात. भिमाजीनं दात आवळून गन पुढच्या भोकावर लावली. केरूला ठोकळा काढून घेता येईना, कारण आतून आधार सुटला तर पत्र्याला पोचा येतो. सतरा होईपर्यंत उरलेले त्यानं मुकाट्यानं धरले. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, की भाऊ, सगळे तडकलेत. भिमाजी म्हणाला, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीस साहेब त्यांच्या आधी हजर. आरसा आत घालून त्यांनी बॅटरी मारली आणि विचारलं, आत कोण होतं? केरू पुढे झाला. म्हणाला, "मी तीन ठोके दिले होते, साहेब. तीनदा दिले."

साहेबांनी भिमाजीकडे पाहिलं. "दिले होते?"

भिमाजीला ते ठोके अजून तळहातात जाणवत होते. तो म्हणाला, "मला नाही ऐकू आलं."

झालं. बाकीचं काम लोकांनीच केलं. या राखीव जागेवाल्यांनी चुका करायच्या आणि वर खोटं बोलायचं, असं सहज बोललं गेलं. सतरा रिव्हेट काढून नवे मारले, पंख धडधाकट झाला. केरूला मात्र पंखाजवळून उचलून पत्र्याच्या कडा घासायला बसवलं. तो भांडला नाही. भिमाजी पुढे चार्जहँड, म्हणजे टोळीचा मुकादम झाला. कडा घासायच्या बाकांवरून जावं लागू नये म्हणून तो संडासलाही लांबच्या वाटेनं जाई. मेल्याहून मेल्यासारखं होई त्याला, पण तोंड उघडत नसे.

आणि मग गनच्या त्या धडधडीनं त्याचे कान खरंच गेले. ब्याऐंशीत डॉक्टरनं लिहून दिलं की बहिरेपण जुनं आहे. लोक हळहळले. बिचाऱ्याला तेव्हाही ऐकू आलं नसणार म्हणाले. त्याच्या खोट्यावर डॉक्टरचा शिक्का बसला! त्या दिवशी घरी बायकोनं, कुसाबाईनं, ताट वाढलं ते त्यानं तसंच बाजूला सारलं. आपण किती हलकट माणूस आहोत, हे त्याला तेव्हा पुरतं उमगलं.

तरी पुढची चार वर्षं गेलीच. शहाऐंशीत, कानांपायी मुदतीआधीच घेतलेल्या निवृत्तीला आठ दिवस उरले, तेव्हा एका रविवारी तो केरूच्या घरी गेला. केरूच्या बायकोनं, साळूबाईनं, पाणी दिलं. भिमाजीनं पेला तसाच पत्र्याच्या टेबलावर ठेवला.

"केरू, मला ऐकू आलं होतं. तिन्ही वेळा."

केरू काही बोलला असेल तर भिमाजीला ऐकू आलं नाही. ओठ तरी हलले नाहीत. मग केरूनं बोटाच्या पेरानं टेबलावर ठोकलं. भिमाजीचा तळवा तिथंच होता. एकच ठोका. पुढचा येईल म्हणून त्यानं वाट पाहिली, पण आला नाही.

अजून मार.

तो उठला. काय करायचं ते त्याला कळलं होतं.

निरोपाच्या दिवशी हार घातले, नारळ दिला, साहेब त्याच्या हाताचं कौतुक करून बसले. भिमाजी उभा राहिला. स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून तो ओरडूनच बोलला असणार. म्हणाला, "बहात्तरमध्ये केरूनं तीन ठोके दिले होते. माझे कान तेव्हा चांगले होते. मी खोटं बोललो."

टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. शरमेनं भिमाजीची मान वर होईना. तरी त्यानं शेवटच्या रांगेत केरूला शोधलं. केरू त्याच्याकडे बघतच नव्हता. तो एकेक करून आपल्याला खोटं ठरवणाऱ्यांची तोंडं बघत होता.